मेव्हिस कॉकरॉफ्टने सांगितलेला आकडा

उत्तर इंग्लंडातल्या हॅदरक्लफमध्ये मेव्हिस कॉकरॉफ्टला ओळखत नाही असा माणूस शोधून सापडायचा नाही. कुणाचा स्वेटर उसवला, कुणाच्या कोटाला कसर लागली, की पावलं तिच्या दाराकडे वळायची. जन्म दुसऱ्या महायुद्धाच्या आदल्या वर्षीचा. पंधराव्या वर्षी ती गिरणीत लागली, रफूच्या खात्यात. मागावरून उतरलेलं लोकरी कापड उजेडाला धरायचं, तुटलेला धागा, सुटलेली वीण बोटांनी चाचपून हुडकायची, आणि सुईने अशी भरून काढायची की गिऱ्हाइकाच्या बापाला कळू नये. गिरणी बंद पडली तेव्हा तिला तिथे लागून अठ्ठावीस वर्षं झाली होती. मुकादम म्हणाला होता, मेव्हिसच्या हाताखालून गेलेल्या कापडात खोट सापडली तर ते कापड मी खाऊन दाखवीन. त्याला कधी खावं लागलं नाही.

आता ही बाई चेटकीण होती, हे गावाला माहीत नव्हतं. चेटकीण हा शब्द गावाचा. चंद्राला आणि निसर्गाला पूजणारे ते लोक स्वतःला विक्कन म्हणवतात, आणि आपसात थट्टेने चेटकीणही म्हणतात. सदुसष्ट साली रफूखात्यातल्याच शेजारच्या मेजावरच्या एका वयस्क बाईने तिला माळावर नेलं, दीक्षा दिली, आणि मेव्हिसला तिथे जे मिळालं ते चॅपेलच्या, म्हणजे गावच्या छोट्या चर्चच्या, बाकावर तीस वर्षं बसून मिळालं नव्हतं. काय मिळालं, असं नवऱ्याने विचारलं तेव्हा तिला सांगता आलं नाही. फ्रँक बसचालक, स्वभावाने गरीब. तो म्हणाला, ‘‘तुला बरं वाटतंय ना? मग झालं. पण अंगात तीन स्वेटर घाल.’’ दर पौर्णिमेला तो तिला गाडीने माळाच्या फाटकापर्यंत सोडायचा आणि गाडीतच घोरत पडायचा. एक्याण्णव साली तो गेला. मुलगी जॅनिस. तिला सांगून ठेवलेलं होतं, आई वनस्पती मंडळाला जाते. जॅनिसने कधी खोलात जाऊन विचारलं नाही, आणि मेव्हिसने कधी सांगितलं नाही. तेरी भी चूप, मेरी भी चूप.

पुढे माळावर जमणाऱ्या त्या विक्कन मंडळाची मुख्य पुजारीण तीच झाली. शिवाय अख्ख्या परगण्यातल्या विक्कन लोकांसाठी ती एक तिमाही पत्रक काढायची, चार पानांचं, पोस्टाने. त्या पत्रकापायी तिच्याकडे दोन खोकी होती. बुटांच्या खोक्यात पोस्टाची कार्डं, म्हणजे खरी नावं आणि पत्ते. बिस्किटांच्या डब्यात दुसरी कार्डं, त्यावर दीक्षेच्या वेळी घेतलेली नवी नावं: कुणाची दीक्षा कधी झाली, सणाला कोण काय आणणार. एकाच माणसाची दोन कार्डं, दोन ठिकाणी. कारण शपथच तशी असते. खरं नाव आणि दीक्षेचं नाव एका कागदावर लिहायचं नाही. कधीकाळी डबा चोराच्या हाती लागला तर कुणाच्या पोटावर पाय येऊ नये, म्हणून. आणि आणखी एक रीत: एका मंडळाने दुसऱ्या मंडळाची चौकशी करायची नाही. कोण कुठे आहे, किती आहेत, कुणी विचारत नाही. दोन्ही खोकी जिच्या घरात, ती मेव्हिस एकटीच काय ते जाणून होती.

ऑक्टोबर, म्हणजे भुताखेतांच्या सणाचा महिना, आला की वर्तमानपत्रांना चेटकिणींची आठवण होते, पितृपक्षात कावळ्यांची व्हावी तशी. अठ्ठ्याण्णवच्या ऑक्टोबरात गावच्या साप्ताहिकातली बातमीदार शीला मेटकाफ पत्रकावरच्या पत्त्यावरून मेव्हिसकडे आली. चाळिशीची बाई, बोलायला गोड. नाव छापणार नाही असं वचन दिलं आणि ते तिने पाळलंही. मेव्हिसने चहा केला, आल्याचा पार्किन केक कापला. आयुष्यात पहिल्यांदा कुणी परकं माणूस समोर बसून, न हसता, तिला तिच्या धर्माबद्दल विचारत होतं. मेव्हिस बोलत सुटली.

शेवटी शीलाने वही मिटत मिटत विचारलं, ‘‘बरं, किती आहात तुम्ही? म्हणजे दहा-बारा असाल तर आतल्या पानावर दोन ओळी देईन. संपादकांचं तुम्हाला माहीत नाही.’’

दोन ओळी. तीस वर्षं थंडीत उभं राहून दोन ओळी. मेव्हिस उठली, दोन्ही खोकी टेबलावर आणून ठेवली, आणि नावं दिसू नयेत म्हणून कार्डं पालथी धरून शीलासमोर मोजली. बुटांच्या खोक्यात दोनशे चौदा. बिस्किटांच्या डब्यात एकशे एकोणनव्वद.

‘‘चारशे तीन,’’ शीला म्हणाली.

मेव्हिसच्या तोंडाशी आलं होतं. अहो, तीच माणसं आहेत दोन्हीकडे. ते तोंडाशी आलं आणि तिने चहाचा घोट घेतला.

‘‘आणि दहा वर्षांपूर्वी?’’

‘‘पहिलं पत्रक चाळीस जणांना गेलं होतं,’’ मेव्हिस म्हणाली. हे मात्र अगदी खरं होतं.

‘‘म्हणजे दसपट.’’ शीलाने वही पुन्हा उघडली.

शुक्रवारी पहिल्या पानावर बातमी होती. ‘आपल्या खोऱ्यात चारशे चेटकिणी, दहा वर्षांत दसपट वाढ’. मेव्हिसने ती तीनदा वाचली. पहिल्यांदा वाचताना छाती फुगली, हे लपवण्यात अर्थ नाही. तिसऱ्यांदा वाचून तिने पानाची घडी केली आणि बिस्किटांच्या डब्याखाली सरकवली. खाई त्याला खवखवे. आठवडाभरात लंडनच्या एका दैनिकाने तीच बातमी उचलली आणि पदरचं घातलं: हाच वेग राहिला तर आणखी दहा वर्षांत चार हजार. बुटांच्या खोक्यात मेलेली माणसं होती, ऑस्ट्रेलियाला गेलेली होती, चामखिळीवर औषध विचारणारी एक बाई होती, आणि नजर ठेवायला म्हणून पत्रक मागवणारे एक पाद्री होते. त्या सगळ्यांना मुलंबाळं होऊन ती चार हजार होणार होती, बहुधा.

मंडळातला वॉल्टर सग्डन हा निवृत्त वजनमापं निरीक्षक. बाजारातले बटाटेवाले अजून त्याला बघून तराजू पुसायचे. नाताळानंतरच्या बैठकीला, मेव्हिसच्या स्वयंपाकघरात, कुणीतरी विक्कन लोकांचंच एक मासिक आणलं होतं आणि मोठ्याने वाचत होतं: ‘उत्तरेतल्या एका खोऱ्यात चारशेहून अधिक, असं लंडनच्या वृत्तपत्राने सिद्ध केलं आहे.’

‘‘कुठलं खोरं म्हणे हे?’’ वॉल्टर म्हणाला.

‘‘अहो, आपलंच. साप्ताहिकात आलं होतं की.’’

‘‘असं होय. मग ही चारशे माणसं पौर्णिमेला जातात कुठे? मला तर माळावर पाऊस आणि तुम्ही सहा जण एवढंच दिसतं.’’

‘‘दुसरी मंडळं असतील, वॉल्टर,’’ लोरेन म्हणाली. ‘‘विचारायचं नसतं ना आपल्याला.’’

लोरेन पिकल्स मंडळातली सगळ्यांत धाकटी, अठ्ठावीस वर्षांची. दीक्षा होऊन वर्षही झालं नव्हतं. चर्चच्या सभागृहात लहान मुलांचा खेळवर्ग चालायचा, तिथे ती ताई होती. जॅनिसची मुलगी बेथनी तिथेच जायची आणि घरी येऊन लोरेनताईची गाणी म्हणायची. लोरेनचा चेहरा त्या दिवशी असा उजळला होता की मेव्हिसला तिच्याकडे बघवेना. ‘‘चारशे,’’ लोरेन म्हणाली. ‘‘म्हणजे दुकानात, बसमध्ये, रांगेत माझ्या पुढे कुणीतरी असणारच. मला वाटायचं मी एकटीच वेडी आहे.’’

वॉल्टरने मेव्हिसकडे पाहिलं. मेव्हिस किटली भरायला उठली.

फेब्रुवारीत लोरेन गळ्यातली पाच टोकांची चांदणी, विक्कन लोकांची खूण, स्वेटरच्या वरून घालायला लागली. आजवर ती आत असायची. एका मुलाच्या आईने विचारलं, हे काय गं? लोरेनने सांगून टाकलं. मी विक्कन आहे म्हणाली, घाबरायचं काही नाही, या खोऱ्यात चारशे आहोत आम्ही, तुमच्या ओळखीचेही असतील. त्या आठवड्यात तीन मुलं यायची बंद झाली. पुढच्या आठवड्यात आणखी सहा. खेळवर्गाच्या समितीने पालकांची सभा लावली.

सभेच्या आदल्या रविवारी लोरेन मेव्हिसकडे आली. नेहमीसारखी मागच्या दाराने, बूट काढून.

‘‘मेव्हिस, तुमच्याकडे पत्ते असतात. मला नावं नकोत. तुम्ही फक्त कळवा त्यांना. चारशेतले वीस आले आणि नुसते बसले तरी पुरे. बोलू नका म्हणावं. नुसतं कळलं ना की आपली माणसं आहेत, तर मी निभावून नेईन.’’

अजून वेळ होती. मेव्हिसला पुढे आयुष्यभर हाही क्षण छळणार होता. शीलासमोर ती वाहवत गेली होती, त्याला काही म्हणता आलं असतं, मोह म्हणता आला असता. इथे समोर तिचीच पोर बसली होती, जिच्या कपाळाला तिने स्वतःच्या हाताने दीक्षेचं तेल लावलं होतं. पोरी, वीस नाहीत गं. हे चार शब्द. ते बोलले की त्यामागोमाग पुढचे बोलावे लागणार: मी फुगवून सांगितलं.

‘‘येतील की,’’ मेव्हिस म्हणाली.

‘‘येतील ना?’’

‘‘कळवते मी.’’

तिने कळवलंही. खोऱ्यात राहणाऱ्यांची कार्डं वेचून चिठ्ठ्या लिहिल्या. लिहून झाल्यावर पाकिटं मोजायची तिची हिंमत झाली नाही, पण हाताला वजन कळतं. मूठभर होती. दोघांनी दिलगिरी कळवली, एकाची बायको बाळंत होणार होती, बाकीच्यांकडून काहीच आलं नाही. वॉल्टर येणार होता, त्याला नेमका ताप भरला.

सभा संध्याकाळी सहाला होती. जॅनिस मेव्हिसला म्हणाली, ‘‘आई, तूही चल. तुला ती पोरगी आवडते, आणि मला तिथे एकटीला जायचा कंटाळा आलाय.’’ म्हणून मेव्हिस गेली. बेथनीची आजी म्हणून गेली.

साठेक माणसं होती. कुणी ओरडलं नाही, कुणी वेडंवाकडं बोललं नाही. अध्यक्ष मिसेस हॅलिडे यांनी चहाची किटली फिरवली, बिस्किटं ठेवली. वाईट माणसं असती तर फार सोपं झालं असतं. पण ही सगळी मेव्हिसच्या सुईखालून गेलेले कोट घालून बसलेली माणसं होती, भली माणसं, आणि ती घाबरलेली होती. एकीने विचारलं, मुलांना काही शिकवता का? लोरेन म्हणाली, गाणी आणि रंग. दुसरीने विचारलं, तिथे माळावर काय करता? लोरेन म्हणाली, उभे राहतो, चंद्राकडे बघतो, केक खातो. दोघं-तिघं हसले. जरा सैल झालं वातावरण.

तेव्हा मागून एक माणूस उठला. गॅसजोडणीचं काम करणारा, डंकन बूथ. त्याचा मुलगा अजून वर्गाला येत होता, त्याने काढून घेतला नव्हता.

‘‘हे बघा,’’ तो म्हणाला, ‘‘मी साधा माणूस आहे. पेपरात चारशे लिहिलंय, तुम्हीही चारशे म्हणता. मग या खोलीत कुणी ना कुणी असणारच. असेल तर हात वर करा बाबांनो. आम्ही काही खात नाही. मला एवढंच बघायचंय की ते आपल्यासारखेच दिसतात. एक हात दिसला ना, तरी माझं समाधान होईल आणि ह्या बाई राहू देत असं मी म्हणेन.’’

दोन-चार माना डोलल्या. ‘‘खरंय,’’ कुणीतरी म्हणालं. म्हणजे एक हात पुरे होता. चारशे नकोत, वीस नकोत, एक.

लोरेन खोलीभर बघायला लागली. पहिल्या रांगेपासून, एकेक चेहरा. घाई नव्हती तिला. तिला खात्री होती. तिसऱ्या रांगेत जॅनिस बसली होती आणि जॅनिसशेजारी मेव्हिस. लोरेनची नजर जॅनिसवर आली आणि तिथून उचलून सरळ पलीकडच्या म्हाताऱ्यावर गेली. मेव्हिसवर ती टेकलीच नाही. कुणाला उघडं पाडायचं नाही, ही शपथ मेव्हिसनेच तिला दिली होती, आणि पोरीने ती तिथेही पाळली.

मेव्हिसचा उजवा हात मांडीवरच्या पिशवीत होता. तो तिथेच राहिला. ती स्वतःला सांगत होती, जॅनिसला धक्का बसेल, इथे नको, आधी घरी सांगू, उद्या सांगू. डंकन उभाच होता. मग तो ‘‘बरं’’ म्हणाला आणि खाली बसला. त्या ‘बरं’मध्ये राग नव्हता, फक्त जरा निराशा होती.

ईस्टरनंतर लोरेनला वर्गावर बोलावलं नाही. पत्र फार सभ्य होतं म्हणे. सभेच्या रात्री घरी येताना जॅनिस गाडीत म्हणाली होती, ‘‘बिचारी. चारशे आहेत म्हणे, आणि एकाला हात वर करता येईना. काय माणसं असतात.’’ मेव्हिसने मांडीवरची पिशवी उघडली आणि पुन्हा बंद केली.

त्यानंतर मेव्हिसला जेवण जाईना. माळावर गेली तरी मन लागेना, मंडळाच्या मध्ये उभी राहून तोंडाने म्हणायची ते म्हणायची आणि आत एकच चाललेलं असायचं, तू बसून राहिलीस. लोरेन मंडळात यायची बंद झाली होती. तिने शेजारच्या गावात धुलाईच्या दुकानात काम धरलं होतं.

एप्रिलच्या एका सकाळी वॉल्टर आला. कोट न काढताच बसला.

‘‘मेव्हिस, खोकी काढ.’’

‘‘कशाला?’’

‘‘चाळीस वर्षं मी दुसऱ्यांचे तराजू तपासले. शेजारणीचा राहिला होता.’’

तिने निमूट खोकी काढली. दोन्ही खोकी मेव्हिसच्या डोक्यात जुळलेली होती, ती सांगत गेली, वॉल्टर कार्डं बाजूला टाकत गेला. हे त्याचंच दुसरं कार्ड. ही मेली. हा कॅनडात. हिने दीक्षा घेतलीच नाही, नुसती पत्रकं घेते. ह्या पाद्रीबाबांना आपण किती वर्षं फुकट टपाल पाठवतोय? हा पोलीस. ही चामखीळवाली, तिची चामखीळ गेली का पुढे? गेली म्हणे. छान. ही परगण्याच्या दुसऱ्या टोकाला, खोऱ्यात नाही. ढिगाऱ्यावर ढिगारे झाले. शेवटी टेबलावर जी राहिली ती वॉल्टरने बोटाने सरळ केली.

‘‘अकरा,’’ तो म्हणाला. ‘‘त्यातले नेमाने येणारे सात. आता लोरेन धरली नाही तर सहा. आणि मेव्हिस, दहा वर्षांपूर्वी आपण नऊ होतो, ते मला पक्कं आठवतंय, कारण केकचे तुकडे मी करायचो.’’

‘‘मला माहीत होतं,’’ मेव्हिस म्हणाली.

‘‘केव्हापासून?’’

‘‘मोजत होते तेव्हापासून.’’

वॉल्टरने ती अकरा कार्डं पुन्हा एकदा मोजली. ‘‘किलोमागे पन्नास ग्रॅम मारणारे पाहिलेत मी,’’ तो मग म्हणाला, ‘‘पण तू बाई कमालच केलीस.’’ तो हसवायला म्हणाला होता. मेव्हिस रडायला लागली, आणि तो तिच्या खांद्यावर हात ठेवून अवघडून उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी ती साप्ताहिकाच्या कचेरीत गेली. शीलाने ओळखलं, खुर्ची दिली.

‘‘तो आकडा चुकीचा आहे,’’ मेव्हिस म्हणाली. ‘‘अकरा आहेत. वाढलेले नाहीत. म्हणजे नऊचे अकरा झालेत.’’

‘‘अहो, पण तुम्ही माझ्यासमोर मोजलेत.’’

‘‘कार्डं मोजली. माणसं नाही मोजली. तुम्ही विचारायला हवं होतं, कार्डं कसली आहेत म्हणून.’’

‘‘आणि तुम्ही सांगायला हवं होतं.’’

‘‘हो,’’ मेव्हिस म्हणाली. ‘‘ते सांगायलाच आलेय.’’

शीलाने पेन टेबलावर आपटत विचार केला. ‘‘तुम्हाला खरं सांगू? तो आकडा आता माझाही राहिला नाही. लंडनच्या पेपरांत आला, रेडिओवर आला. मागच्या आठवड्यात एका प्राध्यापकांनी मलाच फोन करून सांगितला, तुमच्या भागात चारशे आहेत म्हणून. वाढतंय ही बातमी असते, मेव्हिस. होतं तेवढंच आहे, ही कुणी छापत नाही.’’

‘‘मी नाव देऊन पत्र लिहिलं तर?’’

शीलाने मान वर केली. ‘‘नाव देऊन?’’

पत्र छापून येण्याच्या आदल्या दिवशी मेव्हिसने जॅनिसला घरी बोलावलं आणि सगळं सांगितलं. वनस्पती मंडळापासून पिशवीतल्या हातापर्यंत. जॅनिस भांडी पुसत होती. पुसायची थांबली नाही.

‘‘बाबांना माहीत होतं?’’

‘‘हो.’’

‘‘दोघांनी मला नाही सांगितलंत.’’ एक बशी झाली, दुसरी झाली. ‘‘ते जाऊ दे. तुमचं तुम्ही जाणा. पण आई, तू माझ्या शेजारी बसली होतीस. तू हात वर केला असतास तर काय झालं असतं? मी काय मेले असते का? मी चिडले असते, चार दिवस बोलले नसते. एवढंच ना.’’

‘‘एवढंच,’’ मेव्हिस म्हणाली.

‘‘बेथनी अजून विचारते, लोरेनताई कुठे गेली म्हणून.’’

शुक्रवारी साप्ताहिक आलं. मेव्हिसच्या पत्रात साधं लिहिलेलं होतं: आकडा मी दिला, तो खोटा होता, हे मला ठाऊक होतं, खोऱ्यात आम्ही अकरा आहोत, आणि मी त्यातली एक. खाली पूर्ण नाव. पत्र चौदाव्या पानावर होतं, भाजीपाल्याच्या प्रदर्शनाच्या बातमीखाली. पण संपादकांना त्यातून पहिल्या पानाचीही बातमी मिळाली होती. ‘चेटकिणींना ओहोटी: सहा महिन्यांत चारशेवरून अकरावर’. खाली शीलाने कुणा चॅपेलवाल्यांचं मत छापलं होतं, की लोक पुन्हा धर्माकडे वळत आहेत. मेव्हिसने कपाळावर हात मारला. चारशे नव्हतेच म्हटलं तर चारशे गेले कुठे, याची बातमी.

लोक तिच्याशी बोलायचे थांबले नाहीत. दोघींनी कोट परत नेले, बाकीच्यांनी नेले नाहीत. डंकन बूथ रस्त्यात भेटला तेव्हा टोपीला हात लावून म्हणाला, ‘‘तुम्ही होय?’’ आणि जरा थांबून, ‘‘मी वाट बघत होतो हो त्या दिवशी.’’ मेव्हिसला वाटलं, शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मे महिन्यात एका दुपारी लोरेन आली. या वेळी पुढच्या दाराने आली, बेल वाजवून. मेव्हिसने तिला आत घेतलं, चहा ठेवला. लोरेनच्या हाताला साबणाच्या पाण्याने चिरा पडल्या होत्या. गळ्यात चांदणी नव्हती. तिने पिशवीतून साप्ताहिकाचं चौदावं पान काढलं आणि टेबलावर ठेवलं.

‘‘हे खरं आहे?’’

‘‘खरं आहे.’’

‘‘तेव्हाही खरं होतं? मी वीस जणांना बोलवा म्हणाले तेव्हा?’’

‘‘हो.’’

‘‘तुम्ही येतील की म्हणालात.’’

‘‘म्हणाले.’’ मेव्हिसला वाटलं गुडघे टेकावेत, पण ते नाटक झालं असतं. ‘‘पोरी, मी चुकले. मला आधी बढाई सोडवेना, मग शरम सोडवेना. तू माझ्याकडे बघितलंही नाहीस त्या दिवशी. मी हात वर करायला हवा होता. मी रोज त्या खुर्चीत बसते बघ, रोज.’’

लोरेनने मान हलवली. ती रागावलेली नव्हती, हे मेव्हिसच्या ध्यानात आलं, आणि त्याचीच तिला जास्त भीती वाटली.

‘‘तुम्हाला एक सांगते,’’ लोरेन म्हणाली. ‘‘सभेनंतर मी घरी गेले ना, तेव्हा मी सगळ्यांना माफ करून टाकलं. खरंच. मला वाटलं, साठ माणसं होती, त्यात आपले पाच-सहा तरी असतील. तो चष्मेवाला असेल, ती लाल कोटवाली असेल. नोकऱ्या आहेत, पोरं आहेत, घाबरले असतील बिचारे. मीही वर्षभर घाबरलेच होते. धुलाईच्या दुकानात चादरी घड्या घालताना मी एकेक चेहरा आठवायची आणि म्हणायची, जा, तुलाही माफ केलं. त्यात तुम्हीही होतात. सहातल्या एक. मला जड नाही गेलं.’’

चहा ओतायचा राहिला होता. मेव्हिस किटलीला हात लावून उभी होती.

‘‘आता हे वाचलं,’’ लोरेन म्हणाली, ‘‘आणि ते सगळे निघून गेले हो. चष्मेवाला नुसता चष्मेवाला होता. लाल कोटवालीला काय माहीत माझं. त्यांचं काही चुकलंच नव्हतं. तुम्ही एकट्याच राहिलात, मेव्हिस.’’

‘‘मग?’’

‘‘मग मला माफ करायला जमेना. महिनाभर करून बघितलं. सगळ्यांत मिळून होतं तेव्हा जमलं होतं. एकट्या तुमच्यावर आलं तर जमत नाही.’’

ती उठली. साप्ताहिकाचं पान तिने टेबलावरच राहू दिलं, खुर्ची आत सरकवली, आणि बेथनीला माझा एक पापा द्या, असं दारातून सांगून ती बसच्या थांब्याकडे गेली.